कारखान्याच्या कँटीनची भिंत रंगवायला घेताना

"आमच्या कँटीनची एक भिंत मोकळी आहे, तिच्यावर काहीतरी छान काढून द्याल का?" कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतून येणारा फोन बहुतेक असाच सुरू होतो. प्रदर्शनातलं चित्र माणूस एकदा बघतो आणि पुढे जातो. कँटीनमधलं चित्र मात्र तोच माणूस रोज, डबा उघडून, अर्धा तास समोर बसून बघतो. पुढची पाच-दहा वर्षं बघतो. त्यामुळे 'काहीतरी छान' एवढ्यावर भिंत सुरू केली, तर सहा महिन्यांत ती कुणाच्या नजरेलाही पडेनाशी होते.

अशा कामाचा निम्मा वेळ रंगाचा डबा उघडायच्या आधी जायला हवा, यावर मी ठाम आहे. त्यातला काही वेळ भिंतीसाठी द्यायचा आणि त्याहून जास्त तिथे बसणाऱ्या माणसांसाठी. कुपवाडच्या एका कारखान्यात २६ फूट लांब आणि १० फूट उंच भिंत केली होती. तीच समोर ठेवून सगळं क्रमाने सांगते.

आधी जेवायला बसा

पहिल्या भेटीला टेप आणि वही पिशवीतच राहू द्या. जेवणाच्या सुट्टीत जा, ताट घ्या आणि चार वेगवेगळ्या जागी बसून बघा. रांग कुठे लागते, हात धुवायची बेसिनं कुठे आहेत, खुर्च्या भिंतीला कुठे टेकतात, खरकटं कुठे टाकतात, पाण्याचे शिंतोडे कुठवर उडतात हे सगळं तिथे बसल्याशिवाय कळत नाही. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार ते चार फुटांवर असतात, उभ्याचे पाच फुटांच्या आसपास. मग चित्रातला महत्त्वाचा भाग चार ते साडेपाच फुटांच्या पट्ट्यात यायला हवा. माझ्या सुरुवातीच्या एका भिंतीवर मुख्य आकृती सात फुटांच्या वर गेली होती. लांबून फोटोत ती छान दिसायची, पण जेवणाऱ्याला मान वर केल्याशिवाय दिसायची नाही.

तिसऱ्या पाळीच्या वेळीही एकदा जाऊन या. रात्रपाळीतली माणसं ते चित्र ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडातच बघणार असतात. त्या उजेडात तांबडे आणि तपकिरी रंग मरगळतात, निळे उठतात. दुपारच्या उन्हात ठरवलेला गेरू रात्री चिखलासारखा दिसतो.

मोजमाप दुसऱ्या भेटीत घ्या. स्विचबोर्ड, पंख्याचे रेग्युलेटर, पाइप, नोटीस बोर्ड, अग्निशामक सिलिंडर, बाहेर पडायच्या मार्गाची पाटी यांच्या जागा कागदावर इंचात मांडा. सिलिंडर आणि ती पाटी चित्रात मिसळून दिसेनाशी झाली तर ते धोक्याचं आहे. त्यांच्याभोवती सपाट, फिकट जागा सोडा.

काय काढायचं, हे कुणाला विचारायचं

साहेबांना विचारलं की लोगो आणि 'टीमवर्क' येतं. एचआरला विचारलं की दातेरी चाकं आणि उगवता सूर्य येतो. त्यांच्याशी बोलायचंच, पैसे तेच देणार आहेत. पण कामगारांशी बोलायची परवानगी पहिल्याच बैठकीत मागून घ्या. मी दोन-तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत कच्च्या रेखाटनांचे कागद टेबलावर पसरून बसते. 'तुम्हाला काय आवडेल?' असं विचारलं की लोक लाजतात. कागद समोर असला की चुका काढतात, आणि त्या चुकांमध्येच खरा विषय सापडतो.

त्या २६ फुटांच्या भिंतीसाठी मी हळदीचं रान काढलं होतं. हिरवीगार पानं आणि शेजारी काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, शिजणारी हळद. टर्नर खात्यातल्या एका काकांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "आवो ताई, हळद काढताना पाला कुठं असतोय? पाला आधीच कापत्यात की!" खरंच होतं. पाला कापून, काही दिवस जाऊ देऊन मग गड्डे काढतात. हिरवं रान आणि शिजणारी हळद एका चौकटीत येऊच शकत नाही. तसंच राहिलं असतं, तर त्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराने रोज ती चूक बघितली असती. तिथली निम्मी माणसं सकाळी गावातून, रानात एक फेरी मारून कामावर येतात. शेवटी मी भिंत डावीकडून उजवीकडे वर्षाच्या क्रमाने लावली. पावसाळ्यातलं हिरवं रान, पाला कापलेले सरी-वरंबे, काहिलीची वाफ, आणि मग तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडमधल्या हिरव्या जाळीवरची द्राक्षं.

दुसरी गोष्ट पुराची. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. भिंतीवर पाण्याची ती रेघ, एक आठवण म्हणून, काढावी असं मला फार वाटत होतं. पॅकिंग खात्यातली एक ताई कागदाकडे बघून एवढंच म्हणाली, "जेवताना तेच बघायचं का?" तिचं घर त्या पाण्यात गेलं होतं. मी रेघ काढली नाही. पूल काढला, पण हिवाळ्यातला, खाली घाटावर धुणं आणि शांत पाणी. चौकातल्या भिंतीवर ती रेघ जरूर काढावी, कारण तिथे माणूस थांबतो आणि पुढे जातो. कँटीनमध्ये तो जेवायला बसतो.

काही गोष्टी मी कँटीनमध्ये काढतच नाही. देव नाही, पुढारी नाहीत, कुठल्याही पक्षाचा रंग नाही. खरकटं आणि हात धुण्याचं पाणी जिथे उडतं तिथे देव काढणं मला पटत नाही, आणि एकाच्या श्रद्धेखाली दुसऱ्याने जेवायला बसावं हेही नाही. ओळखू येतील असे कामगारांचे चेहरेही नको. कोण घेतला, कोण राहिला यावरून मनं दुखावतात, आणि माणूस नोकरी सोडून गेला की चित्र केविलवाणं होतं. हात काढा, पाठ काढा, कामातली वाकण काढा. हात बरोबर आला की माणसं आपलं माणूस ओळखतातच.

आपल्या भागातले विषय निवडताना वरवरचं घेऊ नका. सतार काढायची तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन बसा. तिचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, आणि तो कापून, वाळवून, मानेला कसा जोडतात ते डोळ्यांनी बघा. आयर्विन पूल काढायचा तर कमानी मोजूनच काढा, अंदाजाने नको. सांगली ही नाट्यपंढरी, म्हणून विष्णुदास भाव्यांचं १८४३चं 'सीतास्वयंवर' घ्यायचं असेल, तर हल्लीच्या नाट्यगृहाचा लाल पडदा लावू नका. आणि मोठी भिंत कशी बांधायची हे शिकायचं असेल तर एक रविवार काढून वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघून या.

कागदावर काय लिहून घ्यायचं

मंजुरी एकाच माणसाच्या सहीने घ्या. पाच जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्केच टाकलं की पाच चित्रं तयार होतात. स्केचचे पैसे वेगळे आणि आधी घ्या, कारण खरं डोकं तिथेच खर्ची पडतं. स्केचमध्ये दोनदा बदल मोफत, तिसऱ्यापासून त्याचे पैसे. भिंतीवर रेखाटन झाल्यावर बदल नाही. बाकीची रक्कम मी चाळीस टक्के सुरुवातीला, चाळीस टक्के पहिला रंग पूर्ण झाल्यावर आणि वीस टक्के शेवटी घेते. परांची कोण आणणार, भिंतीची दुरुस्ती कोण करणार, काम कुठल्या वेळेत चालणार, हेही त्याच कागदावर लिहा. भिंतीची दुरुस्ती 'रंगात धरलेली' समजली जाते आणि तिथेच चित्रकार बुडतो.

हक्कांचं कलम विसरू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७प्रमाणे, पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याकडे जातो. कंपनीने उद्या तेच चित्र कॅलेंडरवर छापलं तर बोलता येत नाही. म्हणून तुम्हाला काय राखून ठेवायचं आहे ते लिहून घ्या, निदान आपल्या कामाचे फोटो दाखवायचा हक्क तरी. कलम ५७ मात्र चित्रकाराचंच असतं: कृतीवर आपलं नाव असण्याचा आणि तिची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९मध्ये उतरवलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये उरलेलं शिल्प त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आपल्या कँटीनच्या भिंतीसाठी कुणी कोर्टात जाणार नाही. पण 'भिंत पाडायची किंवा पुसायची झाल्यास एक महिना आधी कळवावं' एवढी ओळ करारात असली की निदान जाऊन फोटो तरी काढता येतात.

भिंत तपासणं

इथे घाई केली की बाकी सगळं वाया. पहिली परीक्षा ओलीची. दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी कडांनी घट्ट टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतून दव जमलं, तर ओल भिंतीतून येते आहे. बहुतेक वेळा पलीकडे बाथरूम किंवा गळका पाइप असतो. तो दुरुस्त होईपर्यंत कामाला हात लावू नका. लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी खारट पूड फुटली असेल, तर ती कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतली तर क्षार पुन्हा आत जातात आणि पुन्हा फुटतात. पुराचं पाणी कधी आत शिरलेलं असेल, तर खालच्या तीन-चार फुटांवरचा पोकळ गिलावा ठोकून बघा. पोकळ वाजला की काढून नवा करायला सांगा. नवा गिलावा निदान चार आठवडे वाळू द्या. ताज्या सिमेंटचा अल्कली गुण काही रंग जाळतो, विशेषतः भडक निळे-जांभळे.

दुसरी परीक्षा ओल्या फडक्याची. फडकं घासलं आणि त्यावर पूड आली, तर खाली डिस्टेंपर किंवा चुना आहे. त्यावर ॲक्रिलिक मारलं तर वर्षभरात पापुद्र्यांसकट उतरतं. खरवडून काढण्याला पर्याय नाही. खाली जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे, म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, आणि तो गाळ कँटीनच्या बेसिनमध्ये ओतू नका.

तिसरी परीक्षा भेगांची. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते, तशा तिच्यावर बांधलेल्या भिंतींच्या भेगा उघडतात. भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख टाका. महिनाभरात भेग पुढे सरकली तर ती नुसत्या लांबीने (पुट्टीने) बुजणार नाही, ते काम गवंड्याचं. आणि चित्रातला चेहरा किंवा सरळ रेघ त्या जागी येऊ देऊ नका, फांदी किंवा पाण्याची लाट येऊ द्या.

स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत तेलकट असते. डिटर्जंटच्या कोमट पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने पुसून, वाळवून मगच पुढे जा. मग लांबी, पॉलिश पेपर, धूळ पुसणं, पाण्याचा ॲक्रिलिक प्रायमर, आणि फिकट इमल्शनचे दोन हात. घासायचं काम जेवणाच्या वेळेच्या निदान तीन तास आधी संपवा. पुट्टीची पूड ताटात गेली की पहिल्याच दिवशी माणसं नाराज होतात. टर्पेंटाइनचे रंग कँटीनमध्ये वापरूच नका. त्यांचा वास आमटीला लागतो.

रेखाटन भिंतीवर नेणं

कारखान्याच्या भिंतीचे कोपरे काटकोनात असतील असं धरू नका, फरशीलाही उतार असतो. फरशीपासून मोजलंत तर २६ फुटांत चित्र दोन-तीन इंच कलतं. गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या, पाणी भरून दोन्ही टोकांना खूण करा, आणि तिथून आडवी रेघ मारा. उभ्या रेघा ओळंब्याने. माझ्या भिंतीवर खालचे अडीच फूट गडद पट्ट्यासाठी सोडले, कारण खुर्च्यांच्या पाठी तिथेच घासतात. गावाकडच्या घरांना खाली गेरूचा पट्टा असतो, तसाच. उरला भाग साडेसात फूट बाय २६ फूट. कागदावर एक इंचाला एक फूट हे प्रमाण ठेवलं, म्हणजे कागद साडेसात इंच बाय २६ इंच. दोन्हीकडे सारख्याच चौकटी, आणि प्रत्येक घराला वर आकडा, बाजूला अक्षर.

चौकटींच्या रेघांसाठी पूड लावलेली दोरी भिंतीवर मारताना लाल पूड वापरू नका, तिचा डाग पिवळ्या रंगातून वर येतो. फिकट राखाडी खडूची पूड पुरते. आता घर-घर बघून कोळशाच्या कांडीने रेखाटन उतरवा. जे आकार पुन्हा पुन्हा येतात, समजा द्राक्षाचे घड किंवा पुलाच्या कमानी, ते ट्रेसिंग पेपरवर काढून रेघेवर सुईने बारीक छिद्रं पाडा, कागद भिंतीला लावा, आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलक्या हाताने वरून आपटा. ठिपक्यांची रांगोळी उमटते तसं उमटतं. प्रोजेक्टर मिळाला तर वेळ वाचतो, पण जरा तिरका ठेवला तरी आकार ताणले जातात. म्हणून प्रोजेक्टर वापरला तरी चौकटी मारतेच.

रेखाटन झालं की पातळ गेरू रंगाने रेघा पक्क्या करा आणि कोळसा कोरड्या फडक्याने झाडून टाका. तो राहिला तर हळदीचा पिवळा मळतो. या टप्प्यावर एक सुट्टी जाऊ द्या आणि लोकांना बघू द्या. शेवटच्या दुरुस्त्या इथे येतात, आणि इथे त्या स्वस्तात होतात.

रंग

बाहेरच्या भिंतींचं चांगल्या दर्जाचं मॅट ॲक्रिलिक इमल्शन मी आतही वापरते, धुतलं तरी टिकतं. गुळगुळीत भिंतीवर दोन हात द्यायला लिटरमागे साधारण ५० ते ७० चौरस फूट धरा. ट्यूबमधले स्टेनर, म्हणजे दाट रंग, पांढऱ्यात मिसळून रंग करताना लिटरला ३०-४० मिलिलिटरच्या वर जाऊ नका, नाहीतर रंग वाळत नाही आणि पुसला की हाताला येतो. गडद रंग हवे असतील तर दुकानातल्या टिंटिंग मशीनवर डीप बेसमध्येच करून घ्या. गेरू, पिवळी माती, लोहाचे तपकिरी हे रंग वर्षानुवर्षं टिकतात. भडक गुलाबी आणि नारिंगी खिडकीच्या उन्हात सगळ्यात आधी उडतात.

हळदीच्या पिवळ्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: चांगला पिवळा झाकत नाही. खालचं सगळं त्यातून दिसतं. म्हणून पिवळ्याच्या जागी आधी शुभ्र पांढऱ्याचा एक पूर्ण हात, त्यावर पिवळ्याचे दोन. लिंबू पिवळ्यात थोडी पिवळी माती आणि थेंबभर नारिंगी, म्हणजे दळलेल्या हळदीजवळ जातो. शिजवून वाळवलेलं हळकुंड मात्र पॉलिश व्हायच्या आधी मातकट, राखाडी तपकिरी असतं. सांगलीच्या मार्केट यार्डातून मूठभर आणून समोर ठेवा आणि तसं काढा. यार्डात वावरलेला माणूस हा फरक दहा फुटांवरून ओळखतो.

प्रत्येक छटा एकदाच, पुरेल इतकी मिसळा. डब्यावर घराचा आकडा आणि प्रमाण लिहा. रंग वाळला की जरा गडद होतो, म्हणून नमुना पुठ्ठ्यावर लावून, वाळवून, कँटीनच्याच ट्यूबखाली बघा.

क्रम वरून खाली आणि मागून पुढे. आधी आकाश, पाणी, माती यांचे मोठे सपाट भाग, मग मधले आकार, आणि बारीक काम शेवटी. एप्रिल-मेच्या उन्हात सांगलीत रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून सकाळी सहाला सुरू करा आणि जवळचा पंखा बंद ठेवा. पावसाळ्यात उलट, दोन हातांमध्ये सहा तास तरी जाऊ द्या. मास्किंग टेप रंग किंचित ओला असतानाच काढा, पूर्ण वाळल्यावर काढला तर कड सोलते. आठ फुटांच्या वरचं काम शिडीवर नको, पक्की परांची लावा. आणि दर तासाला खाली उतरून, एखाद्या खुर्चीत बसून बघा. परांचीवरून चित्र कधीच खरं दिसत नाही.

काम चालू असताना लोक येऊन बोलतात. बोलू द्या. शेडमधली द्राक्षं मी एकसारखी हिरवी रंगवत होते, तेव्हा कवठेमहांकाळकडच्या एका मुलाने थांबवलं: जाळीवर माल रोज रंग बदलतो, आणि सगळ्या थरांत सारखा बदलत नाही. म्हणून मी थरागणिक हिरव्यापासून सोनेरीपर्यंत छटा बदलली, आणि त्या कोपऱ्याला जीव आला.

शेवटचे हात आणि नंतर

शेवटचा रंग लागल्यावर निदान सात दिवस थांबा. मग पाण्याचा मॅट ॲक्रिलिक क्लिअर, पातळ, दोन हात. ग्लॉस नको, ट्यूबचा झोत चित्रात चमकतो आणि निम्मी भिंत दिसत नाही. डबा हलवू नका, काठीने हळू ढवळा, नाहीतर बुडबुडे येतात. खालच्या अडीच फुटांच्या पट्ट्याला तिसरा हात द्या.

सही खाली, पट्ट्याच्या वर, लहान अक्षरात, वर्षासकट. कंपनीचा लोगो हवाच असेल तर तितकाच लहान, दुसऱ्या कोपऱ्यात.

हाउसकीपिंगच्या माणसांना स्वतः भेटा, चिठ्ठी पाठवू नका. मऊ फडकं, साधं पाणी, फार तर थोडं साबणपाणी. घासणी नको, ब्लीच नको. प्रत्येक छटेचा २०० मिलिलिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, आकडे टाकून, स्टोअरमध्ये ठेवून या आणि त्या जागेचा फोटो तुमच्याकडे ठेवा. दोन महिन्यांनी स्वतः जा. खुर्च्यांनी कुठे घासलं, बेसिनजवळ कुठे फुगलं, हे तोवर कळतं, आणि तेवढा टचअप मी ठरलेल्या रकमेतच धरते. जायचं ते जेवणाच्या सुट्टीतच. त्या भिंतीसमोर मी परत गेले, तेव्हा टर्नर खात्यातले काका शेजारच्या नव्या पोराला काहिलीकडे बोट दाखवून सांगत होते, हळद शिजली कशी ओळखायची ते.